काचेवरचा अंगठा

दुकानात आला की तो आधी मोबाइल काउंटरवर उपडा ठेवायचा, उजव्या हाताचा अंगठा पँटीवर खसाखसा घासायचा आणि म्हणायचा, "बघू, हात काय बोलतो."

मला वाटायचं, घाम पुसतोय. पेणमध्ये घामाला काही निमित्त लागत नाही आणि माझ्या दुकानात पंखा एकच होता, तोही माझ्याकडे तोंड करून. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती म्हणायची आपली. खरं काम काचा बदलण्याचं. लोक फोन पाडतात, मी काच बदलतो, लोक पुन्हा पाडतात. राहायला मी रोह्याला. सकाळच्या गाडीने यायचं, संध्याकाळच्या गाडीने जायचं, मधल्या वेळात काचा. बरीच वर्षं असं केलं की माणसाला कशाचं फारसं काही वाटेनासं होतं. माझी बायको म्हणते, ह्यांच्या अंगावर पाल पडली तरी हे आधी तिचं मॉडेल बघतील. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कोरडेपणाने सांगायला लागलो तर तुम्ही रागावणार नाही.

रोह्याहून येतो म्हणून तो मला 'रोहेकर' म्हणायचा. वयाने माझ्याहून थोडा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो.

पहिल्यांदा आला तो शिमगा होऊन गेल्यावर. दुकानात दुसरं कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि विचारलं, "ते टीव्हीला लावायचे व्हिडिओ गेम असायचे ना, कॅसेटवाले? ते ह्याच्यात येतात काय?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. पस्तिशी ओलांडलेला माणूस केव्हा ना केव्हा माझ्याकडे येऊन हे विचारतोच, आणि आवाज खाली आणूनच विचारतो. "येतात," मी सांगतो. एक ॲप टाकायचं. ते मोबाइलची समजूत घालतं की बाबा, तू आता मोबाइल नाहीस, तो जुना डबा आहेस. मोबाइल बिचारा ऐकतो. खेळाची फाइल कुठून येते ते विचारायचं नसतं. तेव्हाच्या कॅसेटी तरी कुठे खऱ्या होत्या?

पण मी प्रत्येकाला हेही सांगायचो की टाकून उपयोग नाही. दोन दिवसांत काढून टाकाल. जुन्या खेळाला रिमोट होता, त्याला बटणं होती. मोबाइलवर बटणांची नुसती चित्रं असतात. अंगठा कधी चित्रावरून घसरतो ते कळतच नाही. तुम्ही आपले दाबताय आणि पडद्यावरचा गडी ढिम्म उभा. शिवाय दोन अंगठ्यांनी अर्धा पडदा झाकला जातो, म्हणजे समोरून येणारा वाघ दिसतो तो तुम्हाला खाऊन झाल्यावर. माणसाला तो खेळ नको असतो, खेळताना शेजारी बसलेली माणसं हवी असतात, आणि ती काही फाइलमध्ये येत नाहीत. असं मी सांगायचो. पाठच झालं होतं.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "टाक तू. बघू, हात काय बोलतो."

खेळ शोधायला वेळ लागला, कारण त्याला नाव माहीत नव्हतं. डोक्याला रुमाल बांधलेला एक ठेंगणा माणूस, पाठीवर पिशवी, जंगलातून पळत सुटतो, एवढंच तो सांगायचा. "कशासाठी पळतो?" मी विचारलं. "ते कधी कळलं नाय. कॅसेटवर सगळं जपानीत लिवलेला." शेवटी सापडला. सुरुवातीचं ते टुंगटुंग संगीत वाजलं आणि तो काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून एकदम पुढे झुकला. मी त्याच्या लग्नाच्या वेळचं वय बघितलं असेल तर ते त्या एका क्षणात.

खरंच लग्नाच्या वेळचीच गोष्ट होती ती. नवीन संसारात पहिल्या वर्षी त्याने घरात आणलेली वस्तू म्हणजे हा व्हिडिओ गेम. सासू मिक्सर मागत होती. गणपती होऊन गेले की त्याच्या धंद्यात थोडे दिवस हात रिकामे असतात, त्या दिवसांत दोघं नवरा-बायको भिंतीला पाठ लावून खेळायची. बायकोने त्या गड्याचं नाव 'पिशवीवाला' ठेवलं होतं. "ही खेळायला बसली ना, तर पिशवीवाल्याबरोबर ही पण उडायची," तो सांगायचा. "बसल्या जागी उडायची. मी बोलायचो, गो बाय, तुझ्या उडीनं तो जाणार नाय, बटण दाब!"

चौथ्या टप्प्यावर एक तुटका पूल होता. तीन फळ्या उरलेल्या. पहिल्या दोन फळ्यांवर बटण जरासं टेकवून छोटी उडी मारायची, तिसऱ्या वेळी बटण दाबून धरायचं आणि लांब जायचं. छोटीच्या जागी मोठी मारली तर वरच्या दगडाला डोकं आपटून खाली. मोठीच्या जागी छोटी मारली तरी खाली. बायको तिथे कायम पडायची. मग रिमोट याच्याकडे द्यायची आणि डोळे मिटून घ्यायची. याचा अंगठा तो पूल न बघता पार करायचा. नुसता पार करायचा नाही, वर बायकोकडे बघून हसायचा.

माझ्या काउंटरवर मात्र तो त्या पुलावरून दर वेळी पडला.

तो काम काय करतो हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नखांच्या कडेला काळी रेघ होती, ऑइलची नाही, रंगाची. पेणजवळच्या जोहे गावातल्या एका गणपतीच्या कारखान्यात तो आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळी मूर्ती दहा हात लावून तयार होते, डोळ्यांना मात्र एकच माणूस बसतो. गिऱ्हाइकं कारखान्यात शिरली की आधी विचारायची, डोळे कोणाचे?

आणि मी त्याला त्याआधी एकदा पाहिलंही होतं. आदल्या वर्षी कारखान्याच्या शेठचा फोन द्यायला जोह्याला गेलो होतो. शेडमध्ये बायकांचा कलकलाट, रेडिओ, कुठेतरी कुकरची शिट्टी. मग कोणीतरी रेडिओ बारीक केला. एक माणूस बुटक्या पाटावर बसला, मूर्तीच्या तोंडासमोर तोंड येईल असा. ब्रशला मोजके केस. त्याने श्वास घेतला आणि सोडलाच नाही. एक रेघ, तिला मिळणारी दुसरी, मध्ये काळा ठिपका. मी आपला उभा. इतका वेळ जे प्लास्टर होतं ते माझ्याकडे बघायला लागलं. मला काही वाटत नाही असं वर म्हणालो, पण त्या दिवशी मी चपला तिथेच विसरून अनवाणी गाडीवर बसलो होतो, हेही लिहून ठेवायला हरकत नाही.

तर असा हा माणूस माझ्या स्टुलावर बसून पिशवीवाल्याला खड्ड्यात घालायचा. रंग नाहीतर ब्रश घ्यायला पेणला आला की दुकानात चक्कर असायचीच. "दादा, घरी का नाही खेळत?" मी एकदा विचारलं.

"घरी नको. ही बघत बसते."

"मग बघू दे की. दोघं खेळा."

"खेळाकडे नाय बघत ती," तो म्हणाला.

मी त्यातून काही अर्थ काढला नाही. समोर एका फोनचा डिस्प्ले उघडा पडला होता.

एकदा त्याची दया येऊन मी त्याला या ॲपची करामत दाखवली. यात खेळ कुठेही थांबवून ठेवता येतो. पुलाच्या अलीकडे थांबवायचा, पडलात की पुन्हा तिथूनच सुरू. जंगल नाही, वाघ नाही, पहिल्यापासून काही नाही. शिवाय खेळाचा वेग कमी करता येतो. पिशवीवाला पाण्यातून चालल्यासारखा उडतो, शाळेतल्या पोरालाही जमेल. बहुतेक माणसं या करामतीवर खूश होतात आणि लगेच कंटाळतात.

तो खूश झाला नाही. "ते बंद कर," म्हणाला. "पुलावर हात गरम होऊन आला पायजे. असा मध्येच आणून सोडला तर काय कळणार?"

"काय कळायचंय त्यात? खेळ आहे."

त्याने अंगठा पँटीवर घासला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मग तो रक्ताचा दिवस. त्याच्या मोबाइलच्या वरची काच खालच्या कोपऱ्यात तडकली होती, नेमकी उडीच्या बटणाच्या जागी. बदलतो म्हणालो तर म्हणायचा, चालतंय. त्या दिवशी तो खेळत होता, मी माझ्या कामात होतो. मान वर केली तर पडद्यावर लाल. मला वाटलं, डिस्प्ले गेला. रंग असेच फुटतात. मग ते लाल काउंटरच्या कडेवरून माझ्या स्क्रूच्या डबीत ठिबकलं.

"दादा, हात!"

तो खेळतच होता. "थांब, तिसऱ्या टप्प्यात हाय."

मी मोबाइल ओढून घेतला. काचेचा तुकडा अंगठ्यात चांगला आत शिरला होता. त्याने अंगठा डोळ्यांसमोर धरला आणि बघत राहिला. दुखल्याचा चेहरा केला, पण उशिरा केला, मी बघतोय हे लक्षात आल्यावर. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही कळलं असतं.

मी चिमट्याने काच काढली. तेवढा एक चिमटा माझ्याकडे स्वच्छ असतो. तो हात माझ्यासमोर धरून बसला होता आणि माझ्याकडे न बघता बोलत होता.

दिवाळीनंतर सुरू झालं. आधी मुंग्या, मग तेही नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. चहाचा पेला गरम आहे ते ओठाला लागल्यावर कळतं. शर्टाचं बटण लावताना आरशात बघावं लागतं. पनवेलच्या डॉक्टरने सांगितलं, मनगटात शीर दाबली गेलीय, उशीर केलास, ऑपरेशन करू. पण बोटांना जाण परत येईल की नाही ते सांगता येत नाही.

"कारखान्यात माहीत आहे?"

"हिला माहीत हाय. शेठला नाय. वैशाखात डोळे सुरू व्हतात. शेडमध्ये कच्च्या मूर्ती लागल्यात वरपर्यंत. ब्रश धरतो मी, रोहेकर. धरलेला दिसतो. पण किती दाबलाय ते बोटाला कळत नाय. रेघ बारीक येनार का जाड, ते ती आल्यावर कळतं. आनि डोळ्याची रेघ एकदा आली की आली."

"मग हा खेळ कशाला?"

"तो पूल ह्या अंगठ्याचा हाय," तो म्हणाला. "मी बोललो, वैशाखापर्यंत पूल पार झाला तर हात आला. नाय झाला तर नाय."

आखणी करणारी माणसं हात तपासायला पाटीवर रेघा मारतात म्हणे, तांदळावर नाव लिहून बघतात. हा माणूस मोबाइलवर पिशवीवाल्याला उड्या मारायला लावत होता. कारण पाटीवरची रेघ बघून शेजारचा सांगू शकतो की हात गेला. पुलावरून पडलेलं कोणाला काय कळणार?

मला त्याची परीक्षाच चुकीची वाटली, आणि ते मी सांगितलं. "दादा, ही काच आहे. इथे चांगला धडधाकट हातही फसतो. थांब, दाखवतो." मी खेळलो. पहिल्या टप्प्यात वाघाने खाल्लं. पुन्हा खेळलो. कसाबसा पुलापर्यंत गेलो, पहिल्या फळीवर छोटी उडी म्हणून बोट टेकवलं, ते लागलंच नाही, पिशवीवाला सरळ चालत खाली गेला.

तो हसला. इतके दिवस येत होता, पण असा मोठ्याने पहिल्यांदाच हसला. "तू पण पडलास!"

"मग? सांगतोय काय?"

"परत खेळ."

मी परत पडलो. त्याला फार बरं वाटलं.

त्यानंतरचे काही आठवडे चांगले गेले. तो यायचा, चहा सांगायचा, आणि आम्ही आळीपाळीने पुलावरून पडायचो. नवीन काच मी लावून दिली होती. गिऱ्हाईक आलं की तो स्टूल मागे घ्यायचा. "चालू दे तुझा, मी पडतोय तवर," म्हणायचा. एका गिऱ्हाइकाने विचारलं, जुने खेळ मोबाइलवर खेळण्यात काही मजा येते का हो? हा गंभीरपणे म्हणाला, "लय. कोनालाच जमत नाय." मी त्याला तोवर एकदाही विचारलं नव्हतं की काच वाईट आहे हे पटलं, मग आता परीक्षेचं काय? वैशाख जवळ येत होता. तो पडायचा आणि म्हणायचा, "काचेचा काय खरा नाय." पुढच्या खेपेला पुन्हा काचच घेऊन बसायचा.

मला वाटलं, सोपं आहे. काच दोषी आहे, हात नाही, हे दाखवून द्यायला खरी बटणं पाहिजेत. माल मागवताना मी एक रिमोट मागवला. मोबाइलला वायरने जोडायचा. आकार अगदी जुन्या रिमोटसारखा, लाल बटणं, दाबली की टक्क आवाज. आला त्या दिवशी मीच आधी बसलो. हाताला ते बटण लागलं आणि मी मनातल्या मनात माझा सगळा पाठ मागे घेतला. खेळ तोच, मोबाइल तोच, पण अंगठ्याला माहीत होतं आपण कुठे आहोत. दुसऱ्याच खेपेला मी पूल पार केला. पलीकडे धबधबा होता. मी तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

तो आला तेव्हा मी लहान पोरासारखा उभाच राहिलो. "दादा, बस. गंमत बघ." आणि पुन्हा एकदा त्याच्यासमोर पूल पार करून दाखवला.

"अरे व्वा," तो म्हणाला. रिमोट हातात घेतला, वजन बघितलं, उलटासुलटा केला. "तसाच हाय रे." चेहरा खरंच उजळला होता.

मग त्याने खेळायला सुरुवात केली, आणि तो पहिल्याच टप्प्यातल्या पहिल्याच खड्ड्यात पडला. तिथे तो कधीच पडला नव्हता. पुन्हा सुरू. पुन्हा तिथेच. मी बघत होतो. काचेवर खेळताना तो डोळ्यांनी खेळायचा. बटण पडद्यावरच असायचं, अंगठा त्यावर आहे की नाही ते दिसायचं. इथे बटण हातात होतं. अंगठा कुठे आहे ते बघायला त्याला मान खाली घालावी लागत होती, आणि तो मान खाली घालेपर्यंत पिशवीवाला गेलेला असायचा. मग त्याने खेळाकडे बघणं सोडलं आणि नुसताच बटण दाबत राहिला. टक्क, टक्क. कान त्या आवाजाकडे. बटण दाबलं गेलं हे त्याला ऐकू येत होतं, एवढंच.

त्याने रिमोट काउंटरवर ठेवला.

"रोहेकर, काचेवर खेळताना तुझ्या बोटाला काय लागतं?"

"काय लागणार? काच."

"बटण लागतं?"

"नाही."

"कोनालाच नाय ना लागत?"

"कोणालाच नाही."

"तेच," तो म्हणाला. "तिथं आपन सगळे सारखे व्हतो." मग वायरीकडे बोट दाखवून, "ह्याच्यात तू पार झालास."

चहा सांगू का म्हणून मी विचारलं. नको म्हणाला, जोह्याची गाडी लागली असेल. मोबाइल खिशात टाकला आणि गेला. मी रिमोट गुंडाळून खणात टाकला आणि अर्धवट राहिलेला डिस्प्ले चिकटवला. तो नीट चिकटला. त्या दिवशी मी आणखी दोन काचा बदलल्या. काही वाटलं का म्हणाल, तर नाही. संध्याकाळी गाडीत बसलो, पेण सुटलं, कासूला गाडी थांबली, कोणीतरी भाजीची पाटी चढवत होतं, आणि मला एकदम फार वाईट वाटलं. इतकं की रोहा येईपर्यंत मी दाराशीच उभा राहिलो. माझं असंच आहे. जे व्हायचं ते पेणला होतं आणि मला ते कासूला कळतं.

नंतर तो दुकानात आला नाही.

पुढचं शेठकडून कळलं. त्यांच्या फोनला चार्जिंग होत नव्हतं. "आमचा आखणीवाला बसला," ते म्हणाले. "सोताहून आला नि बोलला, औंदा डोळे मी काढनार नाय. मी बोललो, मंग कोन काढील? तर बोलतो, माझी बायको काढील. आता ती बाई येवढी वर्सं मुकुट रंगवते, दागिने रंगवते. डोळ्याला कधी ब्रश नाय लावला. मी बोललो, तिला जमतं काय? तर बोलला, ती घरी पाटीवर काढते, मला दाखवत नाय, पन मला माहीत हाय."

"मग? जमतंय त्यांना?"

"जमतंय की," शेठ म्हणाले, पण जरा नाखुशीनेच. "गिऱ्हाइकं इचारतात अजून, डोळे कोनाचे म्हनून."

म्हणजे ती त्याचा अंगठा बघत बसायची, तेव्हा नुसती काळजी करत नव्हती. तिला आधीपासून कळलं होतं आणि ती तयारीला लागली होती. आणि ती तयारीला लागलीय हे त्याला कळलं होतं. दोघं एका घरात राहून एकमेकांना काही सांगत नव्हती. मला यातलं काही विचित्र वाटलं नाही. आमच्याही घरात असंच असतं.

आषाढात मी पेणचं दुकान बंद केलं आणि रोह्याला बाजारात एक गाळा घेतला. येण्याजाण्यात दिवस जायचा, ते संपलं. शेवटची उरलेली कामं पोचवताना शेठचा फोन द्यायला जोह्याला गेलो. त्याला मी शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

शेडच्या एका बाजूला रंगवलेल्या मूर्ती, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कच्च्या. वहिनी रंगाच्या बाजूला बुटक्या पाटावर बसल्या होत्या. तो पांढऱ्या बाजूला, त्यांच्याकडे पाठ करून. त्याच्याकडे आता फिनिशिंगचं काम होतं. पॉलिश पेपरने मूर्ती घासून गुळगुळीत करायची. साधं काम, कारखान्यात नवीन आलेल्याला देतात ते. घासून झालं की सगळे बोट फिरवून बघतात, कुठे खरखर राहिलीय का. तो बोट फिरवत नव्हता. मूर्ती मांडीवर घ्यायचा आणि तिच्या पोटाला, सोंडेला, खांद्याला स्वतःचा गाल लावायचा. डोळे मिटून हळूहळू सरकवायचा. अर्धा चेहरा पांढरा झाला होता.

"काय रोहेकर," तो म्हणाला. आवाजावरून ओळखलं, डोळे उघडले नाहीत. "बोटाला कळत नाय. गालाला कळतंय."

"ऑपरेशन?"

"गनपती झाले की." मग त्या मूर्तीची सोंड पुन्हा एकदा घासायला घेतली. मोबाइल शेजारी पडला होता. त्यात खेळ आहे की काढला, ते मी विचारलं नाही.

मी वहिनींच्या बाजूला गेलो. त्यांनी एका मूर्तीचा एक डोळा पुरा केला होता. चांगला होता. त्याच्यासारखा नव्हता, जरा मोठा आणि जरासा नवल वाटल्यासारखा, पण बघत होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा हो ह्यांना. दोन महिने झाले मी काढतंय, ह्यांनी एकदाबी वळून बघितला नाय. चांगला का वायट, काय तरी बोलावा माणसानं."

मी नुसती मान हलवली.

"बसा, चहा ठेवते," त्या म्हणाल्या आणि ब्रश पाण्याच्या डब्यात सोडला. तो डब्याला लागून बारीक आवाज झाला.

"उठू नको गो," तो तिकडून म्हणाला. पाठ तशीच, हातातला पॉलिश पेपर तसाच. "एक डोळा ठेवून उठलीस ना, तर दुसरा दुसऱ्याच गनपतीचा येतो. आधी तो काढ."

वहिनी अर्धवट उठलेल्या होत्या, तशाच थांबल्या. मग खाली बसल्या, ब्रश काढून निथळला आणि मूर्तीच्या तोंडासमोर तोंड आणलं. कोणीतरी रेडिओ बारीक केला. त्याने घासायचं थांबवलं होतं आणि तिची रेघ संपेपर्यंत तो कच्च्या मूर्तीला गाल लावून, श्वास धरून बसला होता.